मागच्या सीटचा निवद

५ जानेवारी, सोमवार
आले बाई एकदाची तांबजाईवाडीला! कराडपासून वडापच्या जीपमध्ये मांडीवर कुणाचं तरी पोर आणि पायाशी कुणाची तरी कोंबडी, पण खोली बघून सगळा राग गेला. नवी फरशी, नळाला चोवीस तास पाणी, खिडकीतून नुसता हिरवागार ऊस. तरी मी फिनेलनं पुसून घेतलीच. आमच्या सांगलीच्या घरात मला 'सोवळीण' म्हणतात ते काय उगीच नाही.

स्मारक समितीचे अध्यक्ष सयाजीराव, निवृत्त हवालदार, शाल-नारळ घेऊन हजर. गावात नौदलाचं जुनं विमान आणून उभं केल्याला पाच वर्षं झाली, स्मारक मात्र आता पुरं होतंय. त्याच्या सेवेचा इतिहास मी लिहायचा, फलक रंगवून घ्यायचे आणि सव्वीस तारखेला उद्घाटन. जिनेश फोनवर हसत होता, म्हणाला, हळदीच्या पेढीवर बसायचं सोडून बायको लोखंडाचं चरित्र लिहायला गेली. हसू दे.

७ जानेवारी, बुधवार
दिवसभर विमानाभोवती फिरले. विमानाच्या जातीचं नाव 'टिटवी'. टिटवी ओरडणं अशुभ म्हणून गावानं बॅनरवर 'गरुड' छापलंय! जहाजावर जागा कमी, म्हणून पंख दुमडणारे. शेपटीखाली लोखंडी आकडा आहे. उतरताना तो जहाजावरच्या ताणलेल्या तारेत अडकला तर वाचलात, नाहीतर थेट पाण्यात. पुढच्या सीटवर वैमानिक, मागच्या सीटवर पाणबुड्या हुडकणारा निरीक्षक.

फलकाचा मजकूर सोपा नाही. टिटवी १९८६ साली जहाजावर आली आणि २०१४ साली निवृत्त झाली. मधल्या काळात चार वेळा ती जहाजावर व्यवस्थित उतरली, पण मागची सीट रिकामी. काचेचं झाकण बंद, पट्टे लावलेले, माणूस नाही. चौकशीत दर वेळी झाकणाची कळ बिघडल्याचं निघालं. चारही वैमानिकांनी मात्र एकच सांगितलं, की उतरेपर्यंत मागचा माणूस कानातल्या यंत्रावर बोलत होता.

चौथा माणूस याच गावचा, राजवर्धन. म्हणून तर गावानं हे विमान मागून घेतलं. तेव्हा पाळण्यात असलेली त्याची मुलगी राजेश्वरी आता स्वतः नौदलात निवडली गेली आहे. सव्वीसला तिला वडिलांच्या सीटवर बसवून ओवाळणार आहेत. छान कल्पना आहे, मलाही आवडली.

९ जानेवारी, शुक्रवार
शी! शी! शी! तीन वेळा आंघोळ केली तरी वास जात नाही.

राजवर्धनची आई साळूबाई गोड म्हातारी. तिनं अभिमानानं सांगितलं की लेकाचं प्रेत मिळालं नाही, दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवला नाही. म्हणजे लेक उपाशी. मग विमान गावात आल्यापासून ती दर अमावस्येला मागच्या सीटवर निवद ठेवते, मटणाचा रस्सा आणि सुक्या बोंबलाची चटणी. सकाळी ताट चाटूनपुसून साफ! मी विचारलं, त्याला बोंबील एवढे आवडायचे? तर म्हणाली, "बारका हुता तवा वासानं पळायचा. पर इमान चालवणाऱ्या सायबानं सांगितलं, शेवटाला बोंबीलच मागत हुता. दर्याकाठी जीभ बदलली आसंल."

मी लसूणसुद्धा न खाणारी जैन बाई. नाकाला पदर लावून शिडी चढले, झाकण उघडलं आणि शिडीवरच ओकले. सीटवर शेंबडासारखा चिकट थर. ओहोटीच्या चिखलाचा वास, तोही समुद्रापासून एवढ्या लांब. ताटाच्या काठावर दातांच्या खुणा होत्या. स्टीलच्या ताटावर!

१२ जानेवारी, सोमवार
धुऊन काढलं. गावातलं कुणी हात लावेना, मीच हातमोजे घालून बसले. सोडा, फिनेल, गरम पाणी. सीटखालच्या भोकातून केसांचा गुंता निघाला, न्हाणीच्या मोरीतून निघतो तसा. काळे केस, पिंगट केस, एक-दोन पांढरे. त्यात नखं.

सयाजीरावांना बजावलं, यापुढे आत अन्नाचा कण जाणार नाही. झाकणाला कुलूप घातलं, किल्ली माझ्या कनवटीला.

१५ जानेवारी, गुरुवार
राजेश्वरीनं जेवायला बोलावलं. माझ्यासाठी नवं पातेलं आणलं होतं, कांदा-लसूण न लागलेलं, आणि त्यावर खडूनं 'कीर्तीताई' लिहिलं होतं. एवढं कोण करतं हो? पोरगी उंच, मोकळी, खळखळून हसणारी. वडिलांचा आवाज कधी ऐकला नाही, एवढीच एक खंत. मला लेक असती तर अशीच हवी होती.

१८ जानेवारी, रविवार, अमावस्या
साळूबाई ताट घेऊन आली. मी कुलूप उघडलं नाही. म्हातारी रडली, मग ताट पंखाखाली ठेवून गेली. ऊस तुटलेल्या शेतात कावळ्यांचा हा कालवा, पण एक कावळा इकडे फिरकला नाही. मांजर नाही. त्या रश्श्याला मुंगीसुद्धा लागली नाही.

लागायला पाहिजे होती.

२० जानेवारी, मंगळवार
बिराप्पा धनगराचं कुत्रं विमानाखाली निजायचं. आज सकाळपासून नाही. मी कुलूप काढून आत पाहिलं. सीटवर त्याचा गळपट्टा. बक्कल लावलेलं.

किल्ली माझ्याकडेच होती. आणि सीट पुन्हा ओली, तोच चिकट घाण थर.

२२ जानेवारी, गुरुवार
राजेश्वरी धावत आली, डोळे भरलेले. फलकाशेजारी मांडायला ठेवलेलं कानातलं यंत्र तिनं सहज लावून पाहिलं, तर वडील बोलले म्हणे. राजा, माझ्या जागेवर ये म्हणाले. ना त्याला वीज, ना तार! साळूबाईनं पोरीची अलाबला घेतली.

ती गेल्यावर मी लावलं. लावायला नको होतं. कानाला काहीतरी गार, बुळबुळीत लागलं आणि माझी आई बोलली. सात वर्षांपूर्वी गेलेली आई. तोच आवाज, "कीर्ते" म्हणायची तीच लकब. भूक लागली म्हणाली. सुक्या बोंबलाची चटणी दे म्हणाली.

माझ्या आईनं जन्मात बटाटा खाल्ला नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार
आता कळलं. बोंबील राजवर्धननं कधी मागितलेच नाहीत. वैमानिकाला ऐकू आलं तेव्हा राजवर्धन संपलेला होता. मागून बोलत होतं ते दुसरंच. आणि साळूबाई त्याच्या शब्दावर इतकी वर्षं— लेक समजून त्यालाच पोसत होती. पोट भरलेलं होतं म्हणून गप्प होतं. मी त्याचं ताट बंद केलं. मी.

सयाजीरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमी लय शिकल्याल्या, डोक्याला ताण झालाय. सांगलीला जाऊन या." राजेश्वरीला हात जोडले, बसू नकोस म्हटलं. ती चिडली. आधी माझ्या बापाची जागा फिनेलनं धुतली, आता त्याचा आवाजपण खोटा म्हणता, म्हणाली. मला ताई म्हणाली नाही.

२४ जानेवारी, शनिवार
कुलूप लावून किल्ली कृष्णेत टाकून आले. परत येऊन बघते तर झाकण उघडं. कुलूप गिळून ओकल्यासारखं, लाळेनं माखून खाली पडलेलं.

२५ जानेवारी, रविवार
साळूबाईच्या पाया पडले, निवद करून घेतला. ताट माझ्या हातानं वर नेलं. मटण. बोंबील. माझ्या हातानं! आई, क्षमा कर.

ठेवलं. दुपारी बघितलं— ताट पालथं. एक घासही नाही घेतला. यंत्र लावलं. ओठ चाटल्याचा आवाज. मग एका पुरुषाच्या आवाजात, बापासारख्या लाडानं— राजा, राजा, उद्या येणार ना गं—

त्याला आता ताटातलं नकोच आहे.

२६ जानेवारी
झेंडावंदन झालं. बँड वाजतोय. तिला फेटा बांधतायत, साळूबाई निरांजन लावतेय. शिडी मी लपवली होती, सयाजीरावांनी दुसरी आणली. कुणी ऐकत नाही, कुणीच—

चार वेळा. दर वेळी एकच माणूस. सीट एकच आहे.

चढले मी. सगळे तिच्याकडे बघतायत. वही कमरेलाच होती. बसले. शी— गार, ओलं, मांडीखाली हलतंय, जिभेसारखं. णमोकार म्हणतेय. वास—

जिनेश, रागावू नको. पेढीवर हळदीचा वास किती छान यायचा रे.

झाकण खाली आलं. मी हात लावला नाही. पट्टा— पट्टा आपोआप—

ती शिडीशी आलीय. काचेतून दिसते. ताई, उतरा म्हणतेय. ताई म्हणाली! बाहेर सगळे हसतायत, आणि माझ्या मागून माझाच आवाज तिला सांगतोय, ये की गं, दोघींना जागा हाय—

राजेश्वरी, ती मी नाही. जागा नाही. सीट भरली, वर येऊ न