चोरीस न गेलेल्या हातकागदाबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
शिस्तपालन समिती,
रेवातीर मराठी शिक्षण मंडळ,
गढ़ा, जबलपूर.

विषय : मुळात नसलेल्या कागदाच्या चोरीतून शिपाई श्यामसुंदर यांना सोडवणे व अर्जदारास तज्ज्ञपदावरून मोकळे करणेबाबत.

संदर्भ : सोमवारच्या बैठकीस 'कागदतज्ज्ञ' म्हणून हजर राहण्याचे आपले पत्र.

महोदय,

१) अर्जदार विनता देवपुजारी ही मंडळाच्या शाळेत हंगामी चित्रकला शिक्षिका आहे. हंगामी माणसाने मान खाली घालून काम करावे, हे ती जाणते व आजवर तसेच करत आली. हा अर्ज ती दाराला कडी लावून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत आहे. अक्षर वाकडे आल्यास क्षमा असावी.

२) वर्धापनदिनी निवृत्त मुख्याध्यापिका शैलजाताईंना द्यावयाचे मानपत्र अर्जदाराने संगणकावर, चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केले. त्यात कागदाचे व कॅनव्हासचे पोत आयते घालता येतात. पोताची फाइल इंटरनेटवरून उतरवून ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडायचे, की पडद्यावरचा कोरा भाग जाडाभरडा, धागे दिसणारा हातकागद भासू लागतो. हात लावायला तेथे काहीही नसते.

३) सचिव मा. देवदत्तजी हरदास यांनी ते पडद्यावर पाहिले व "वा! असा कागद आपल्या गावात मिळतो?" असे उद्गार काढले. "सर, तो कागद नाही," असे अर्जदार म्हणणार होती. परंतु सचिवसाहेबांसमोर भल्याभल्यांप्रमाणे तिचीही बोबडी वळते. तोवर ते फोनवर कोणाला तरी, खास हातकागद मागवला आहे, असे सांगूनही मोकळे झाले. पुढे बड़ा फुहाऱ्याजवळच्या छापखान्यातून श्यामसुंदर मानपत्र घेऊन आले. ते नेहमीच्या गुळगुळीत कागदावर होते, कारण दुसरा कागद नव्हताच.

४) समारंभात सचिवसाहेबांनी व्यासपीठावरून हातकागदाचे तोंड भरून कौतुक केले. शैलजाताईंनी चष्मा लावला, मानपत्रावर अंगठा फिरवला आणि माइकसमोरच म्हणाल्या, "अच्छा? हा तर गुळगुळीत आहे रे देवदत्ता!" सभागृह हसले. सचिवसाहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी श्यामसुंदर यांच्यावर कागद बदलल्याचा आळ आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. येथे तर सोडायला चोरही नाही.

५) यानंतर जे घडले त्याने अर्जदाराची झोप उडाली आहे. श्यामसुंदर यांनी भीतीपोटी चोरी कबूल केली. माफी मागितली तर नोकरी तरी वाचेल, अशी त्यांची भाबडी आशा. समितीने मुद्देमाल हजर करण्यास सांगितले, म्हणून त्यांनी बाजारातून हातकागदाचा गठ्ठा विकत आणून दिला. समितीने तो संगणकाच्या पडद्याला लावून पाहिला व "धागे जुळत नाहीत" असा शेरा मारून परत केला. त्यांनी दुसरा आणला. चोरीचा कागद तो हाच काय, हे आता अर्जदाराने सही करून सांगावयाचे आहे.

६) काल ते अर्जदाराला शाळेच्या जिन्याखाली भेटले. "मॅडम, काहून घाबरून राहिल्या? यही है, बोल दो. मी सुटून जातो," असे म्हणाले. अर्जदाराने होकार दिला तर एक भला माणूस जन्मभर चोर ठरेल. नकार दिला तर तो तिलवाऱ्याचा पूल ओलांडून थेट नागपुरापर्यंत तिसरा गठ्ठा शोधत जाईल.

७) या अर्जानंतर सचिवसाहेब अर्जदाराची मुदत वाढवणार नाहीत, हे तिला स्वच्छ दिसते. घर तिच्याच पगारावर चालते. या भीतीने तिने हा अर्ज एकदा फाडलाही. तरी विनंती, की सोमवारी सर्वांसमोर तिला संगणक लावू द्यावा. ती तो पोत काढून टाकून दाखवील. पडदा पांढरा होईल आणि चोरी तेथेच संपेल.

महोदय, अर्जदार घाबरते, अर्जदार घाबरते, असे लिहून लिहून दमले. मी घाबरले आहे. पण श्यामसुंदर यांनी काहीही चोरलेले नाही.

आपली नम्र व भ्यालेली,
विनता देवपुजारी
जबलपूर, दि. ८ फेब्रुवारी २०२५

सहपत्रे :
१) मानपत्राची प्रत. कृपया डोळे मिटून हात फिरवावा.
२) चोरीस गेलेला सर्व कागद, पेनड्राइव्हमध्ये.
३) तपासणीसाठी मजकडे दिलेला दुसरा गठ्ठा. हा श्यामसुंदर यांचा स्वतःचा आहे. त्यांना परत द्यावा.