लंबू एकतीस

३ तारीख, सोमवार

आणि तरी दादा म्हणणारच, की मी कुठे टिकत नाही. बेकरी सोडली तेव्हा म्हणाला, गॅरेज सोडलं तेव्हा म्हणाला, काल गाडीत बसवायला आला तेव्हा ताईच्या देखत परत म्हणाला, महिन्याभरात येशील, तुझी उशी काही उचलून ठेवत नाही. म्हटलं, ठेव नाहीतर जाळ. ताईने ही वही दिली. डोकं तापलं की फोन करून सगळ्यांचं डोकं खाऊ नकोस, यात लिही म्हणाली.

तर लिहितो. पोचलो, आणि नोकरी झकास आहे! कोल्ड स्टोरेज आहे. पाच खोल्या, एकेकीत आमची शाळा मावेल, आणि आत उणे वीस. मासे, मटार, आइस्क्रीम. अंगात गादीएवढा कोट घालून जायचं, खोके मोजायचे, लिहून आणायचे. पेनातली शाई आत गोठते, म्हणून इथे जो तो कानावर पेन्सिल लावून फिरतो. मला माझी पेन्सिल काकांनी दिली. काका इथले सगळ्यात जुने कामगार, बावीस वर्षं झाली. मागच्या चाळीवजा खोल्यांत मी त्यांच्याच खोलीत. स्वतःची दुसरी चादर मला दिली आणि वर ऐकवलं, की घोरलास तर काढून घेईन.

४ तारीख, मंगळवार

आज कंप्युटर दाखवला. खोल्यांची दारं त्यावरून उघडतात आणि बंद होतात. ऑफिसात एक चष्मेवाले साहेब आहेत, तेच सगळं बघतात, रात्री घरी बसूनसुद्धा. ज्याने दार उघडलं-लावलं त्याचं नाव आणि वेळ आपोआप नोंदली जाते. म्हणून प्रत्येकाला आपलं नाव आणि पासवर्ड.

माझं नाव मात्र घातलंच नाही. एका नव्या नावाचे वर्षाला पैसे पडतात म्हणे, आणि तुमच्यासारखी पोरं सहा महिने थांबत नाहीत. जुनं एक नाव पडून आहे, ते वापर. नाव लंबू, पासवर्ड लंबू३१. सगळ्यांचा असाच, काकांचा काका३१. मशीन दर महिन्याला नवा पासवर्ड मागतं, लाल पट्टी दाखवतं, मग साहेब सगळ्यांचा आकडा एकाने वाढवतात. पट्टी गेली की काम झालं.

मी हसून विचारलं, मग कुलूप तरी कशाला? साहेब म्हणाले, तू खोके मोज.

६ तारीख, गुरुवार

जेवताना काकांना विचारलं, लंबू काम सोडून कुठे गेला. काकांनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, कुठेच नाही. चार नंबरच्या खोलीत होता तेव्हा बाहेरून कुणीतरी दार लावलं. आतून उघडायची दांडी आहे, पण चार नंबरची बर्फाने धरून ठेवलीय. आत फोन लागत नाही, हाक बाहेर येत नाही. कुणी लावलं ते बघायला मशीन उघडलं, तर त्यात नाव लंबूचंच. ज्याला त्याला सगळ्यांचे पासवर्ड पाठ, मग धरणार कुणाला?

तेव्हापासून त्याच्या नावाने तीन पोरं काम करून गेली. मी चौथा. मेलेल्या माणसाचा पासवर्ड साहेब दर महिन्याला न चुकता वाढवतात.

दांडीची दुरुस्ती सांगून ठेवलीय म्हणे. काका म्हणाले, आत जाताना दाराला ‘माणूस आत’ अशी पाटी लाव आणि मला सांगून जा. बाकी घाबरू नकोस, मी आहे.

१० तारीख, सोमवार

दुपारी ऑफिसात मी एकटाच होतो. फोन वाजला. कंप्युटर कंपनीतून बोलतोय म्हणाला. मला साहेब म्हणाला. दोन वेळा. मला आजवर कुणी साहेब म्हटलेलं नाही. लंबू या नावात बिघाड दिसतोय, तपासायला पासवर्ड हवा. सांगून टाकला. एवढं काय, भिंतीलासुद्धा माहीत आहे.

आवाज मात्र थरथरत होता. दात वाजत होते त्याचे. म्हटलं, ताप आहे का? तो म्हणाला, नाही, सवय झाली.

११ तारीख, मंगळवार

काका चार नंबरमध्ये अडकले. दाराला पाटी होती. दोन दहाला दार बंद झालं, तीन वाजता माझ्या लक्षात आलं की ते दिसत नाहीत. दार उघडलं तर दारालाच टेकून बसलेले. भुवया पांढऱ्या. बोटं दांडीला चिकटलेली.

मशीनमध्ये लिहिलंय — लंबू, खोली चार, दार बंद.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन दहाला गेटवर ट्रक उतरवत होतो, चार माणसांनी बघितलंय. मी सुटलो. फोनचं कुणी विचारलं नाही.

मीही बोललो नाही.

१३ तारीख, गुरुवार

हॉस्पिटलात गेलो. काकू आल्यात, एवढ्याशा आहेत, पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. काकांनी मला जवळ बोलावलं, विचारलं, कुणी लावलं रे दार? त्यांचे पाय चादरीवरून दाबत राहिलो. काकू म्हणाल्या, पोरगा चांगला आहे हो, किती करतो तुमचं.

सांगितलं तर आजच काढतील. दादा दारात उभा असेल, बघ, म्हणालो नव्हतो का म्हणत.

संध्याकाळी काका गेले.

१५ तारीख, शनिवार

मालक आले, ओरडले, सगळे पासवर्ड बदला म्हणाले. साहेबांनी बदलले.

बत्तीस केले.

काकांचं नाव काढणार का विचारलं. म्हणाले, वर्षाचे पैसे भरलेत, राहू दे, नवीन पोरगा आला की त्याला देऊ.

१८ तारीख, मंगळवार

दोन दहाला मी मशीनसमोरच बसलो होतो. कुणी हात लावला नाही. माझ्या डोळ्यांदेखत ओळ उमटली.

काका, खोली चार, दार उघडलं.

मिनिटभराने — काका, खोली चार, दार बंद.

पळत गेलो. आत कुणी नाही. दारामागच्या बर्फावर चार बोटं उमटलेली. साहेबांना सांगितलं, तर मशीन जुनं आहे म्हणाले. पासवर्ड कुणी बाहेर दिला होता का, असं सहज विचारलं.

नाही म्हणालो. पटकन.

२० तारीख, गुरुवार

फोन. मी उचलला. काकांचा आवाज. दात वाजत होते.

साहेब नाही म्हणाले. बाळा म्हणाले.

काही मागितलं नाही. फक्त विचारलं, बत्तीसच ना रे? आणि मग — चादर आण. थंडी वाजते.

२१ तारीख, शुक्रवार

घोरत नाही मी. झोपतच नाही. चादर घडी करून कोपऱ्यात ठेवलीय, ती गार लागते. उन्हात धरली तरी गार.

उद्या सांगणार साहेबांना. फोन, पासवर्ड, सगळं. मग काकूंना. काढलं तर काढू देत.

आधी चादर देऊन येतो. त्यांचीच आहे.

२२ तारीख, शनिवार

वही कोटात होती. पेन्सिलने लिहितोय —

पाटी लावली होती. गेटवाल्याला सांगूनही आलो होतो. चादर खाली ठेवली आणि मागे दार —

दांडी हलत नाही.

मशीनमध्ये काकांचं नाव येईल. किंवा लंबूचं. त्यांनी नाही. मी. मीच सांगितला, लंबू३१, साहेब म्हटलं म्हणून — ज्याला वही मिळेल त्याने साहेबांना सांगा, आकडा वाढवून काही — नावं काढा. आधी ती नावं —

बोटं. अक्षर नीट येत —

चादर मघाशी इथे होती. आता कुणीतरी पांघरून —

काकू, दार मी लावलं नाही, पण किल्ली मी दिली. हॉस्पिटलात सांगायचं होतं. पाय दाबत बसलो. माफ —

पंधरवड्याचा पगार उशीखाली पाकिटात आहे. वर तुमचा पत्ता लिहिलाय. सगळा पाठवतोय, नऊ हजार सातशे