स्वयंपाकघरातून आलेली हाक

दादा,

आज एका सभागृहात फ्यूज उडाला म्हणून मला बोलावलं होतं. दिवे लागले, मंचावरच्या विशीतल्या पोरांनी वाजवायला घेतलं आणि मी पक्कड हातात धरून जागीच थिजलो. तुझा ऑर्गन, माझे ड्रम! कुत्रंही विचारत नव्हतं तो आपला एकुलता एक अल्बम! प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात म्हणे त्याला. शेजारीपाजारी तर धिंगाणा म्हणायचे.

मला वाटलं, शेवटी आईचा आवाज तरी गाळतील. आठवतं ना? घरातच रेकॉर्डिंग चालू, शेवटचं गाणं रंगात आलेलं, दुसरी टेप घ्यायची ऐपत नाही, आणि ती स्वयंपाकघरातून ओरडली ते टेपवर तसंच राहिलं. "हिने सगळ्याची वाट लावली," म्हणत तू घर सोडलंस ते सोडलंसच. ती बिचारी जाईपर्यंत स्वतःलाच बोल लावत राहिली.

आणि आज? ऑर्गनवाल्याने हात उचलले आणि भरलेलं सभागृह एका आवाजात ओरडलं, "पोरांनो, पुरे झालं आता, जेवायला या!"

शेजारी उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "काका, या हाकेसाठीच तर येतो आम्ही."

तुझा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. हे पत्र माझ्या हत्यारांच्या पेटीतच राहणार.

पण ऐक. माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "आलो गं, आई!" सगळे हसले.

दादा, हाक दोघांना होती.

तुझा,
धाकटा