सूर्यरावाचं दुखणं

३ डिसेंबर

वाचनालयात गेले पाककृतीचं पुस्तक आणायला, अन् आणलं काय तर साडेचारशे पानांची ऐतिहासिक प्रेमकथा! कव्हरवर सरदार सूर्यराव. मांडीत भाल्याची जखम, रक्त वाहायलंय, तरी मिशी कशी कोरलेली!

घरात कायतरी बोलणं पायजेच. सासरे, म्हंजे मामा, रुसलेत. खुब्याचं आप्रेशन होऊन दीड महिना झाला. उदगीरचे डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, आता चालवा. पण मामा भिंतीकडं तोंड करून पडलेत. वॉकर आणला तर म्हणाले, "भालकीच्या रस्त्यावर ते लोखंडी गाढव ढकलत फिरू व्हय?" वॉकर कोपऱ्यातच हाय. सासूबाईंनी, म्हंजे आमच्या आत्यांनी, रागानं त्याच्यावर लुगडी वाळत घातलीत.

५ डिसेंबर

आत्या तूर निवडताना म्हणाल्या, "मनातल्या मनात काय वाचतीस, मोठ्यानं वाच की." शेजारच्या मल्लम्माक्काही येऊन बसल्या. त्यांना जिथं अडतंय तिथं मी कन्नडमधून सांगायले.

आत्या: "गडी सोन्यासारखा हाय गं!" डोळ्याला पदर.

मल्लम्माक्का: "अय्यो, अंगात ताप फणफणलाय, अन् हा राणीच्या गजऱ्याचा वास घ्यायलाय! नाटकी हाय."

मामांचे दोस्त श्रीपतराव गुरुजी बघायला आले होते, ते म्हणाले, "इतिहासाचा खून! त्या काळी तिथं किल्लाच नव्हता." म्हणाले खरं, पण दुसरा चहा घेऊन पुढचं प्रकरण ऐकूनच उठले.

मला तर बाई आवडला. खोटं कशाला बोलू! माझ्या नवऱ्यानं, धनराजनं, कधी गजरा आणलाय?

६ डिसेंबर

मामा बोलले!!

सूर्यराव दोन दिवसांत घोड्यावर चढला, तसा भिंतीकडून आवाज आला, "मांडीत भाला घुसल्यावर माणूस घोड्यावर बसतो व्हय? त्या लेखकाला मांडी हाय का न्हाई?"

आत्या म्हणाल्या, "तुमाला काय करायचंय? तुमी भिंत बघा."

हसू आवरंना. तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाले.

९ डिसेंबर

सूर्यराव घोड्यावरून पडून परत अंथरुणाला खिळला, अन् इकडं मामांनी कूस बदलली. आता तोंड आमच्याकडं असतंय. दर पानाला खोट काढतात— लेप चुकीचा, वैद्य लबाड, घोडा म्हातारा. पण मला यायला उशीर झाला की खोकतात.

मल्लम्माक्कांनी गल्लीभर कथा पसरवलीय. आज भाजीवाली दारातूनच ओरडली, "सूर्यराव कसा हाय गं आता?" मामा आतून कडाडले, "खुबा माझा मोडलाय, अन् विचारपूस त्या सूर्याची!"

१२ डिसेंबर

वाईट झालं. राहवलं न्हाई म्हणून पुढचं वाचून काढलं. सूर्यराव उठतच न्हाई! लोकांपुढं लंगडायची लाज वाटते त्याला. कुणाला हात लावू देत न्हाई. अंथरुणातच झुरून मरतो.

मामांना हे कसं वाचून दाखवू? काल पुस्तक मिटलं तर हळूच म्हणाले होते, "बघू, उठतोय का गडी."

त्यात येळवस आली. मामा म्हणतात, "मी शेताला येणार न्हाई. उचलून न्यायला मी काय मढं हाय?" जन्मात एक येळवस चुकली न्हाई त्यांची. अमावस्येला सगळं गाव रानात जेवतंय अन् शेताचा मालक घरात पडून राहणार! एकदा का ही चुकली, की मग ते उठायचेच न्हाईत असं वाटायलंय. लई भ्या वाटतंय.

पुस्तक कपाटावर ठेवलं. आत्या मधूनच पानं चाळतात, खाली राहिलं तर शेवट कळायचा त्यांना.

१५ डिसेंबर

केलं मी. पुस्तक समोर धरलं अन् धडधडीत खोटं वाचलं! माझा सूर्यराव भिंत धरून उठला. राणी त्याला टोचून म्हणाली, "सरदार, तुमच्या काठीवर माझी लुगडी वाळायलीत, जरा लाज वाटू द्या." तोंडातून निघूनच गेलं!

मल्लम्माक्का: "राणी स्वतः कामून लुगडी वाळवायलीय? दासी मेल्या काय?"

आत्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मी घाम पुसला.

श्रीपतराव गुरुजी मात्र खूश. "आत्ता कुठं लेखकाला लिहिता यायलंय!"

आहा! साडेचारशे पानांत कौतुक झालं ते माझ्याच पानाचं, अन् सांगायची सोय न्हाई.

मामा एवढंच म्हणाले, "कितवं पान?" मी कायतरी आकडा ठोकून दिला. पुस्तक कपाटावर ठेवेपर्यंत बघत होते.

१८ डिसेंबर

दिवसभर येळवशीच्या भज्जीची तयारी, पालेभाज्या निवडा, शेंगा सोला. आंबील झाली, बाजरीचे उंडे झाले. संध्याकाळी कादंबरी संपवली, माझ्या पद्धतीनं. सूर्यराव लंगडत लंगडत दरबारात गेला अन् कुणी हसलं न्हाई.

मल्लम्माक्का: "शेवट गोड केला म्हणून माफ."

आत्या रडल्या. जेवताना मामा म्हणाले, "उद्या जावा सगळे. मला आग्रह करू नगा."

सगळी मेहनत पाण्यात. मलाही रडू आलं.

१९ डिसेंबर, येळवस

दुपारी मामांचा डबा घेऊन जीपमधून घरी आले. धनराज दारात हॉर्न वाजवायला लागले, लवकर कर म्हणून. आत बघते तर आत्यांची लुगडी फरशीवर. खाट रिकामी. तशीच मागं पळाले!

मामा मागच्या ओसरीत खुर्चीवर. बाजूला वॉकर. मांडीवर कादंबरी, कपाटावरची! शेवटचं पान उघडलेलं.

"सूर्यराव मेलाय की गं, अंजू."

"व्हय, मामा."

"तुझाच बरा होता." उपरण्यानं नाक पुसलं. मग डब्याकडं बघून ओरडले, "येळवशीची भज्जी घरात खातात व्हय? ते गाढव टाक जीपमधी!"