माईकवर दिलेला शब्द

देवपूर, धुळे
६ जानेवारी २०२५

चि. रविंद्र यास नानाचा जयभीम.

नाही, गॅस बंद करायला मी विसरत नाही. अन् विसरलो तर माझं मी बघीन. तुझी काकू पार्वता गेली म्हणून मी काही पाळण्यातलं पोर झालो नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाला तू माईक धरला अन् बठ्ठ्या समाजासमोर बोलला, की आजपासून नाना मरेपर्यंत माझ्याकडे राहतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुखवट्यात टाळ्या! मला कोणी विचारलं? आता शेजारची धुरपदाबाई रोज विचारते, सामान बांधलं का.

मला वेगळाच वास येतो. तुझा साला बबलू इथे धुळ्याजवळ नरडाण्याला कंपनीत लागला. माझं घर रिकामं झालं की त्यात कोण येणार, ते कळतं मला. तसं नसेल तर कागदावर लिही. फोनवर तू नुसता हो हो करतो. अन् तुझ्या बायकोला, प्रज्ञाला, आधी विचारलं होतं का, तेही लिही.

पितांबर नाना

मेहरूण, जळगाव
१३ जानेवारी

ती. नानांस रविंद्रचा सविनय जयभीम. वि. वि.

नाना, माझ्यावर असा संशय? मी चारचौघांत शब्द दिलाय. इथे जो भेटतो तो विचारतो, नाना आले का. मी कुठे तोंड लपवू? पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. तयार राहा. रागवा, पण माया कमी करू नका.

तुमचा रविंद्र

मेहरूण
१४ जानेवारी

ती. नानांस प्रज्ञाचा जयभीम.

मला विचारलं होतं का, याचं उत्तर ह्यांनी टाळलं, म्हणून मी लिहिते. नव्हतं विचारलं. मी मंडपामागे पुऱ्या लाटत होते, मला माईकवरूनच कळलं.

बबलूचं म्हणाल तर त्यानं नरडाण्यातच खोली घेतली. ह्यांच्या मनात पाप नाही. रडत होते, समोर माणसं होती, तोंडातून निघून गेलं. आता मागे घ्यायची लाज वाटते.

आमच्या दोन खोल्या, माझी दवाखान्यातली ड्युटी, हेमांगीची बारावी. दिवसभर तुम्ही इथे एकटेच भिंतीकडे बघत बसाल. मरेपर्यंतचा शब्द मला देता येत नाही. एवढाच देते, की सुट्टीच्या बुधवारी धुळ्याला येईन. जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवीन. आजारी पडलात तर मात्र न विचारता उचलून आणीन. हे पत्र ह्यांना दाखवूनच टाकते. हक्कानं लिहिलं, गोड मानून घ्या.

तुमची सून
प्रज्ञा

देवपूर
१७ जानेवारी

चि. सौ. प्रज्ञास जयभीम.

आधी वाटलं, रव्यानंच सांगून लिहवलं. दोनदा वाचलं. गोड काहीच सापडलं नाही, म्हणून खरं वाटलं.

रव्याला सांग, गाडी आणू नको. लोकांनी विचारलं तर म्हणायचं, मी न्यायला तयार होतो, नानाच आडमुठा शे. माझ्याबद्दल लोकांना ते लगेच पटेल.

तू बुधवारी येते का नाही, ते बुधवारीच बघू. भाकरी मी आधी थापून ठेवणार नाही. तू दिसली की तवा ठेवीन. अन् उचलून आणायचं लिहिलं, त्याला आज मी हो म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. विचार करीन.

या विषयावर आता मी एक अक्षर लिहिणार नाही. विचारू पण नको.

पितांबर नाना