हात सैल सोडा

१२ नोव्हेंबर, दुपार

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर बघून घाबरू नकोस. पडल्यापडल्या लिहितेय, म्हणून ओळी उतरणीला लागल्यात. फोनवर तू "ठीक आहे गं" म्हणतेस, मी "इकडेही ठीक" म्हणते, आणि दोघी खोटं बोलून फोन ठेवतो. म्हणून पत्र. पत्रास कारण काय, ते खाली येईलच.

आधी इकडची खबरबात. शिवणाचं दुकान कटिंगमास्तर सांभाळताहेत. चष्मा कपाळावर आणि शोध दुकानभर, हे चालूच आहे, पण अजून एकही गिऱ्हाईक परत गेलेलं नाही. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. खरं सांगू? जरा रागच आला. माझ्यावाचून अडतंय असं समजण्यात माझा जन्म गेला. तुझे बाबा रोज डबा घेऊन इस्पितळात येतात, खाटेशेजारी बसतात आणि बसल्याबसल्या डुलकी काढतात. या माणसाला मी आयुष्यभर आळशी म्हणत आले. परवा डॉक्टरांनी सहज त्यांचाही रक्तदाब मोजला. तरण्या पोरासारखा निघाला! माझा किती ते विचारू नकोस.

तुला मी मानेचा त्रास म्हणून कळवलं होतं. मान दुखते, ते काही खोटं नाही.

इथे रोज सकाळी एक बाई येतात आणि आम्हा सगळ्यांना गाद्यांवर आडवं करतात. आडवं पडून काहीच करायचं नाही, हाच वर्ग. काहीच न करण्याची शिकवणी लावावी लागते, हे ऐकून मला हसू आवरेना. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "डोळे मिटा. जबडा सैल सोडा. खांदे सैल सोडा. हात सैल सोडा." आपल्याकडे हात सैल म्हणजे उधळ्या माणसाचा, त्यामुळे मला ती भाषाच पटेना. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका तर बाई खांद्यापर्यंत पोचायच्या आत घोरायला लागल्या. मग बाईंनी माझा उजवा हात मनगटाशी धरून वर उचलला आणि म्हणाल्या, "आता सोडा." मी म्हटलं, "सोडलाय की!" तर म्हणतात, "आजी, मी केव्हाच सोडलाय. तुम्हीच धरून ठेवलाय."

डोळे उघडून बघते तर हात तसाच हवेत. कुणी धरलेला नाही, तरी खाली येत नाही. आजी म्हटल्याचाही राग आला नाही, इतकी मी चमकले.

नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, शरीर सतत तयारीत राहिलं की झोपेतसुद्धा पहारा देत बसतं. मान आखडते, झोप उडते, रक्तदाब चढतो, चिडचिड होते, आणि माणूस त्यालाच आपला स्वभाव समजतो. यावर तुझ्या बाबांनी डुलकीतून एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून त्या हाताचाच विचार डोक्यात आहे. आपल्या घरात रिकामा हात कुणाला बघवतच नाही, ठकू. दाराशी ती टोपली. आलेल्याने चपला काढायच्या आणि टोपलीतलं एक कापड उचलायचं. कुणी उसवतंय, कुणी काज करतंय. तुझी मैत्रीण अभ्यासाला यायची, तीसुद्धा दोन-चार बटणं लावून जायची. मला त्याचं केवढं कौतुक! आमच्याकडे नुसत्या गप्पा होत नाहीत, असं मी चारचौघांत मिरवायचे.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते.

मला मानेसाठी इथे आणलेलं नाही. गिऱ्हाइकाचं माप घेत होते, मास्तरांना आकडा सांगायला तोंड उघडलं, तर शब्दच फुटेना. टेप हातातून गळून पडली. मास्तरांनी सावरलं म्हणून मी पडले नाही. थोड्या वेळाने वाचा परत आली. डॉक्टर म्हणतात, हा इशारा आहे, नशिबाने निभावलं. पण मधल्या वेळात मी तुला हाक मारत होते गं. मनात अगदी स्पष्ट, आणि तोंडातून नुसता आवाज.

आणि तेव्हा मला तुझे हुक आठवले.

तू मागे न कळवता आलीस ना, एवढीशी बॅग घेऊन? म्हणालीस, "आई, सुट्टी काढलीय. दोन दिवस नुसती लोळणार आहे." मी म्हटलं, "लोळ की, कोण नाही म्हणतंय!" आणि गणवेशाच्या स्कर्टांचा ढीग तुझ्या मांडीवर ठेवला. शाळेच्या ऑर्डरची तारीख तोंडावर आली होती. "बसल्याबसल्या एवढे हुक लाव." तू लावत बसलीस, दोन्ही दिवस. मध्येच म्हणालीस, "मला अलीकडे झोपच लागत नाही गं." मी मशीन न थांबवता म्हटलं, "अंग मोडून काम केलं की लागते आपोआप." तू हसलीस आणि सुईत दोरा ओवायला लागलीस. दोरा काही जाईना.

तू गेल्यावर स्कर्ट तपासले. हुक वाकडे, एक वर तर एक खाली. शाळेत असल्यापासून तू हुक लावतेस, तुझा हुक कधी वाकडा गेला नव्हता. चरफडत सगळे उसवले आणि पुन्हा लावले. आणि उसवताना मला कळत होतं, ठकू. तुझी बोटं कापत होती, हे मी तुझ्यासमोर बसून पाहिलं होतं. विचारलं नाही. विचारायचं तर मशीन थांबवावं लागलं असतं.

ऑर्डर वेळेवर तयार झाली. शाळेचा माणूस आठवडाभराने न्यायला आला.

लेक विसाव्याला आली आणि मी तिला कामाला जुंपलं. दुसऱ्या कुणा आईचं असं ऐकलं असतं तर मी तिला नावं ठेवली असती. तुला उपदेश करायला मला तोंड नाही, तरी एवढं ऐक. माझ्यासारखी इशाऱ्याची वाट बघू नकोस. तिथल्या डॉक्टरांना झोपेचं सांग, बोटांचंही सांग, लपवू नकोस. आणि मोठी सुट्टी काढून घरी ये.

मला सोमवारी सोडताहेत. टोपली मी बाबांकरवी दुकानात पाठवून दिली आहे. मास्तरांना वाटलं, आजारपणात माझं डोकंच फिरलं.

आज बाईंनी पुन्हा हात उचलून सोडला. निम्म्यापर्यंत आपसूक खाली आला आणि तिथेच अडकला. बाई म्हणाल्या, प्रगती आहे. पुढचं मला तुझ्यासोबत शिकायचंय. तू माझा हात उचल, मी तुझा उचलते. कुणाचा आधी खाली पडतो ते बघू.

येताना काही आणू नकोस. मीही तुझ्या हातात काही देणार नाही.

रिकाम्या हातांनी वाट बघणारी,
तुझी आई