तारीख मी टाकली होती

हलगर्जी माझी होती, आणि कागदावर ती लिहिली दुसऱ्याच्या नावाने. भगवंत बोरसेला गेटाबाहेर काढताना कंपनीने जो दाखला दिला त्यावर "कामात हलगर्जी केल्यामुळे" असं टाइप केलेलं आहे. तो कागद घेऊन पोरगा तीन ठिकाणी गेला, तिन्ही ठिकाणी त्यांनी तेवढीच ओळ वाचली. साडेदहा महिने मी हे बघते आहे. आता बघवत नाही, आणि बघायला वेळही उरला नाही.

पुंजारामभाऊ म्हणतात, मृत्युपत्र असं सुरू होत नाही, आधी नाव-गाव-वय लागतं. लागतं तर घ्या.

मी जयवंती जिव्या पागधरे, वय अठ्ठेचाळीस, माहेर आणि सासर दोन्ही दांडी, सध्या राहणार सरावली, बोईसर, तालुका पालघर. नोकरी झाडू-पोछा आणि चहापाणी, बोईसरच्या एका रंग बनवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात. कंपनीचं नाव इथे घालत नाही, पाकिटावर घातलं आहे. शिक्षण तिसरी. डोकं ठिकाणावर आहे, बिघडलंय ते पोट. कुणी धाक घातलेला नाही, कुणी पाजलेलं नाही. मी सांगते आणि पुंजाराम आहिरे लिहितात. ते वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि आता लोकांचे अर्ज लिहून देतात. लिहिलेलं मला दोनदा वाचून दाखवतील, मगच मी सही करीन. याआधी मी असा कागद केलेला नाही.

१. सरावलीची पत्र्याची खोली, तिचं लाईट मीटर आणि पाण्याचं पिंप माझी एकुलती एक मुलगी उषा, राहणार घिवली, हिला. बँकेचं पुस्तकही तिलाच. नाकातली नथ तिच्या मुलीला. नथ मोडायची नाही.

२. दांडीला बोंबील वाळत घालायच्या जागेत माझ्या मयत नवऱ्याचा वाटा आहे. तो थोरले दीर तात्या यांनी वीस वर्षं वापरला. मी कंपनीत कामाला गेले तेव्हा चार माणसांत त्यांनी म्हटलं होतं, "आमच्या घरची बाई आता परक्यांच्या मोऱ्या धुनार." धुतल्या. त्यावर पोरीचं लग्न केलं. तात्यांना माझ्याकडून काही नाही. वाटा उषाचा. मयताला तात्यांनी यावं, पण दोन शब्द बोलायला उभं राहू नये.

३. मासे कापायची कोयती आणि तांब्याचा हंडा शेजारीण साखरबाईला. दोन महिने तीच माझं अंथरूण धुते आहे.

४. आता मुख्य. याला पुंजारामभाऊ कलम म्हणायला तयार नाहीत. मी म्हटलं, आकडा घाला आणि लिहा.

भगवंत देवराम बोरसे हा जळगावकडचा. कंपनीत कॉम्प्युटरवर होता आणि सरावलीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. मला मावशी म्हणायचा. ऑफिसात त्याने एक मशीन बसवलं होतं, त्याला मेल सर्व्हर म्हणतात. सोप्या भाषेत ते कंपनीचं पोस्ट ऑफिस. साहेब लोक आपापल्या टेबलावर पत्र लिहितात, ती सगळी या मशीनच्या पेटीत जमतात, आणि मशीन दिवसातून तीनदा मुंबईला फोन लावून पत्रं पाठवतं आणि आलेली घेतं. फोन लागला नाही तर पत्र पेटीत पडून राहतं. पाच दिवस जुनं झालेलं पत्र मशीन पाठवत नाही, नाद सोडून लिहिणाऱ्याला परत करतं. हा पाच दिवसांचा नेम भगवंतनेच त्यात भरला होता.

मोडकळीला आलेलं असं काही नव्हतं की जे त्याने बसून नीट केलं नाही. पत्र अडकलं की पडद्यावर इंग्रजी आकडे येतात. त्याने मला वहीत मराठीत लिहून दिलं होतं: चारने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता जमलं नाही, पुन्हा प्रयत्न होईल, हात लावू नको. पाचने सुरू म्हणजे संपलं, तो पत्ताच नाही. मी आकडा कागदावर उतरवून ठेवायची आणि तो आला की द्यायची. माझ्या अख्ख्या जन्मात दुसऱ्या कुणी मला कागदावर काही उतरवायला सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये पालघरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला तेव्हा मी त्यांना विचारलं, चार का पाच. त्यांना कळलं नाही. पण ते उषाला बाहेर घेऊन गेले, तेव्हा मला कळलं.

आमच्या इथे शुक्रवारी कारखान्यांची वीज बंद, म्हणून सुट्टी शुक्रवारची. भगवंतचा बाप आजारी होता. तो गुरुवारी संध्याकाळी सुरतवरून गावाला जायचा आणि शनिवारी दहापर्यंत परत यायचा. मशीन मात्र आठला चालू करावं लागायचं. म्हणून शनिवारी झाडताना ते मी चालू करायची. हे साहेबांना माहीत नव्हतं. झाडूवाल्या बाईने मशीनला हात लावायचा नाही, असा नियम होता. तो नियम भगवंतने मोडला. तेवढं त्याचं चुकलं, ते मी झाकत नाही.

मशीनच्या पोटात बटणाएवढा सेल असतो. वीज नसली तरी घड्याळ आणि तारीख त्यावर चालते. तो सेल मेला होता. वीज गेली की मशीन सगळं विसरायचं आणि चालू केलं की तारीख विचारायचं. नव्या सेलसाठी भगवंतने खरेदी खात्याला तीनदा अर्ज दिला. "चालतंय ना, मग कशाला," असं म्हणून तिन्ही पडून राहिले. एका चहाबिस्किटाची वस्तू.

भगवंतने मला सांगितलं होतं, मावशी, आधी महिना टाकायचा, मग दिवस. मी म्हटलं, ही कुठल्या गावची रीत? तो म्हणाला, मशीन ज्या गावचं त्या गावची. मला ते पटलं नाही. मी आपली दिवस आधी टाकायची. अठरा, पंचवीस असा दिवस असला की मशीन घ्यायचं नाही, मग मी उलटी करून टाकायची, मग घ्यायचं. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की चुकलं तर ते टोकतं आणि घेतलं म्हणजे बरोबर. महिने बाराच असतात, म्हणून बाराच्या आतला दिवस ते महिना समजून निमूट घेतं, हे मी ध्यानात घेतलं नाही. भगवंतने दोन वेळा दहाला येऊन माझी तारीख नीट केली आणि हसून म्हणाला, मावशी, परत उलटी. मी म्हटलं, मशीननं घेतली ना, मग तुला काय दुखतंय. कुणी तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली की माझं टाळकं फिरतं. हा माझा जुना दोष. आता जिवाशी आला, पण माझ्या नाही, त्याच्या.

गेल्या वर्षी नऊ जुलैला, गुरुवारी, पावसात फोनची तार तुटली. परदेशी गिऱ्हाइकाला मोठ्या ऑर्डरचा जबाब शनिवारपर्यंत पोचायला हवा होता. साहेबांनी पत्र लिहिलं, ते पेटीत अडकलं. मशीनने चारचा आकडा दाखवला, म्हणजे घाबरायचं कारण नव्हतं. शनिवारी सकाळी फोन परत चालू झाला होता. नऊला पत्र आपोआप गेलं असतं.

शनिवार अकरा जुलै. मी अकरा टाकले, मग सात. मशीनने घेतले. त्याच्या लेखी नोव्हेंबरची सात तारीख झाली. परवाचं पत्र चार महिने पेटीत सडतंय असं त्याला वाटलं आणि त्याने नाद सोडला. पत्र परत आल्याची चिठ्ठी साहेबांच्याच खात्यात पडली होती, पण साहेब सोमवारी आले. भगवंतची गाडी नंदुरबारला अडकली, तो दुपारी चारला पोचला. पडदा बघितला आणि खुर्चीत न बसताच त्याने तारीख नीट केली, पत्र पुन्हा पाठवलं. तिकडे दिवस आपल्याआधी मावळतो. ऑर्डर दुसऱ्याला गेली.

सोमवारी मोठ्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये उभं केलं. मी चहाचा ट्रे घेऊन आत होते. साहेबांनी विचारलं, "तारीख कुणी टाकली?"

भगवंतने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "मीच, साहेब. गुरुवारी जाताना चुकली."

मी कप ठेवले आणि बाहेर आले.

संध्याकाळी तो खोलीची किल्ली द्यायला आला. मी म्हटलं, असं का बोललास. तो म्हणाला, "मावशी, खरं सांगितलं तर दोघंही जाऊ. मला कुठंही काम लागेल. तुला कोण घेईल?" मी त्याला वाटेसाठी सुके बोंबील बांधून दिले. दुसरं काही दिलं नाही. ते बोंबील देताना मला जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही.

त्याला कुठंही काम लागलं नाही. बाप थंडीत गेला. ज्या पोरीशी लग्नाची बोलणी चालली होती तिच्या घरच्यांनी माघार घेतली. पुंजारामभाऊ तिकडचेच, ते दिवाळीला गेले तेव्हा भगवंत केळीच्या गाड्या भरत होता, खांद्यावर गोणपाट टाकून. यांनी माझं नाव काढलं, तर त्याने फक्त विचारलं, मावशीचं बरं आहे ना.

५. माझ्याकडे तीन कागद आहेत. सेलसाठी भगवंतने केलेले तीन अर्ज, तिन्हीवर खरेदी खात्याचा आवक शिक्का आणि तारीख, तिन्ही मागच्या वर्षीच्या जुलैच्या आधीचे. जानेवारीत मला रद्दी जाळायला दिली होती, त्यात सापडले. जाळले नाहीत. हे तीन कागद आणि आकड्यांची वही मी भगवंतला देते. नकला केल्या आहेत, त्या साखरबाईच्या पेटीत.

साहेबांनी एवढंच बघावं. सेल मेला होता हे तुमचाच शिक्का सांगतो. शुक्रवारी वीज नव्हती. मग गुरुवारी टाकलेली तारीख शनिवारी मशीनमध्ये राहिली कशी? भगवंत खोटं बोलला आणि तुम्हाला ते सोयीचं होतं. शनिवारी सकाळी तारीख कुणीतरी टाकलीच. ऑफिसात त्या वेळी एकच बाई होती. गेटाचं रजिस्टर काढा.

६. उषासाठी. मी गेल्यावर माझी जागा उषाला देऊ असं साहेबांनी तोंडी कबूल केलं आहे. जावयाची गिरण बंद पडली, घरात दुसरी कमाई नाही. हा कागद बाहेर पडला की ती जागा गेली, हे मला कळतं. मी उषाला बोलावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आये, माजी जागा होऊ दे आधी. मंग काय सांगायचा ता सांग."

मी म्हटलं, "मंग म्हंजे कवा? मी मेल्यावर? मेलेल्या बाईला कोन इचारतंय, खरं सांगितलंस का खोटं?"

ती म्हणाली, "तो परका तुजा कोन लागतो? मी तुजी पोर नाय?"

मी तिचं ताट वाढलं. ती न जेवता घिवलीला गेली, त्याला आज सहा दिवस झाले. उषा, तुझा राग बरोबर आहे. तुझ्या लग्नाची साडी, तुझ्या पोरीची बाळुती, सगळं मी या नोकरीवर केलं. पण मागचे साडेदहा महिने जो पगार घरात आला तो त्या पोराच्या तोंडचा होता, आणि त्यातला भात तूही जेवलीस. तुझ्यासाठी खोली आहे, वाटा आहे, हातपाय आहेत. त्याच्यासाठी माझ्याकडे फक्त हे आहे. माफ केलं नाहीस तरी चालेल. तोंड बघायला ये.

७. माझं मयत दांडीला करावं. जेवणावळ घालू नये. हे सगळं पार पाडायला मी पुंजाराम आहिरे यांना नेमते. ते सावकाश काम करतात, पण विसरत नाहीत.

वरचा मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. एका ठिकाणी भाऊंनी "अनवधानाने" असा शब्द घातला होता, तो मी काढायला लावला. बाकी सगळं माझं आहे आणि खरं आहे.

सही: जयवंती जिव्या पागधरे

साक्षीदार:
१. साखरबाई दामू वरठा, सरावली (डाव्या हाताचा अंगठा)
२. पुंजाराम निंबा आहिरे, बोईसर (सही, लिहिणारही हेच)

ठिकाण: सरावली, बोईसर
तारीख: २९ मे १९९९, शनिवार

मोठ्या साहेबांसाठी, याच कागदाच्या नकलेखाली:

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे मी जिवंतपणी तुमच्या टेबलावर पाठवते आहे, म्हणजे तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारायला मी आहे. मला कामावरून काढा, उषाला जागा देऊ नका, ते तुमच्या हातात आहे, मी हात जोडायला येणार नाही. भगवंत बोरसेला नवा दाखला हवा, त्यात ती ओळ नको, आणि जुना चुकीने दिला होता असं खाली एका ओळीत हवं. देणार की नाही, ते लेखी सांगा. शनिवार १२ जून, पहिली पाळी सुटेपर्यंत पुंजारामभाऊ गेटावर बसून असतील. उत्तर त्यांच्या हातात द्या.